आप्पांच्या ट्रकाचं पोट

सकाळचे साडेसात. विट्याच्या अलीकडचं एक गाव. आप्पांच्या अंगणात जुना सहाचाकी ट्रक उभा, ट्रकाखाली आप्पा, आणि आप्पांचे फक्त पाय बाहेर.

मी तीस वर्षं बातमीदारी केली. सभा, मोर्चे, उद्घाटनं, सगळं रद्दीत गेलं. पण या अंगणात महिन्याभरात जे किस्से जमले ते काही केल्या डोक्यातून जात नाहीत. एक सांगायला घेतला की दुसरा मेंढरासारखा त्याच्या मागं येतोच!

आप्पा म्हणजे माझे शाळेपासूनचे वर्गमित्र, फौजेतले निवृत्त ड्रायव्हर, वय अडुसष्ट. गावाबाहेरच्या रस्त्यावर एका सकाळी गतिरोधक उगवलेला दिसला. ना पांढरे पट्टे, ना फलक. उंची अशी की बैलानंही थांबून विचार करावा! मधोमध एक टोकदार दगड वर आलेला. आप्पांच्या ट्रकाचे पुढच्या स्प्रिंगचे पाटे बसलेले, गाडी आधीच नाक खाली घालून चालणारी. त्या दगडानं खालून चेंबरला ठोसा दिला. चेंबर म्हणजे इंजिनाखाली ऑइल साठतं ते पत्र्याचं भांडं. त्या दिवसापासून गळती सुरू.

मी त्याच दिवशी माहितीच्या अधिकारात अर्ज ठोकला : हा गतिरोधक कुणी घातला, कुणाच्या मंजुरीनं?

आप्पा म्हणाले, "तू अर्ज कर. मी पाना घेतो. बघू आधी कोण पोचतंय!"

घाई होती. ट्रकाचं पासिंग आठ दिवसांवर आलं होतं. सीमेवर असलेल्या मुलानं फोनवर बजावलं होतं, "आप्पा, या खेपंला पासिंग झालं न्हाई तर गाडी भंगारात. आता तुमचं वय हाय का ट्रकाखाली झोपायचं?" आणि आप्पांनी शब्द दिला होता. फौजी माणूस, शब्द फिरवणार नाही. म्हणजे ऑइलचा एक थेंब दिसला, की ट्रक गेला!

• • •

ट्रक उभा असायचा तिथं अंगणात रोज काळा डाग पडायचा. मालनवहिनी, म्हणजे आप्पांच्या घरच्या, रोज सकाळी सडा घालायच्या आणि त्या डागाभोवती रांगोळी काढायच्या. मधे काळं, भोवती आठ पाकळ्या.

मी विचारलं, "वहिनी, हे काय?"

"भावजी, तुमी त्यो डाग पेपरात छापनार. मी निदान फूल तरी करतीया!"

• • •

चेंबरभर ऑइल पसरलेलं. ते नेमकं कुठून येतंय? काठाच्या पॅकिंगमधून येत असेल तर पॅकिंग बदलून भागतं. पत्र्याला तडा असेल तर चेंबरच बदलायला हवा. आप्पांनी रॉकेलनं पुसून पुसून बघितलं, पत्ता लागेना.

तेवढ्यात बिरू आला. बिरू आमच्याच वर्गातला, मेंढरं राखणारं घर, आता थोडी डाळिंबंही आहेत. दर वर्षी त्याच्या थकलेल्या मेंढ्या आणि नवी कोकरं दूरच्या चराईवरून आप्पांच्याच ट्रकातून घरी येतात. ट्रक भंगारात गेला तर कोकरांची पायपीट ठरलेली. म्हणून आप्पांइतकाच तोही घाबरलेला.

"आदी देवाचं नाव घ्या, आप्पा," म्हणत त्यानं कमरेची पिशवी सोडली आणि मूठभर भंडारा ट्रकाखाली उधळला. आप्पा आतच होते! पिवळेजर्द होऊन ओरडायला लागले. मग एकदम चेंबरला नाक लावून बघायला लागले.

पिवळ्या चेंबरवर एक बारीक काळसर रेघ हळूहळू उमटत होती. तडा!

"फौजेत यासाठी आम्ही पावडर मारायचो," आप्पा तोंड पुसत म्हणाले.

"म्हंजी फौजेत बी देव हाय म्हना की!" बिरू म्हणाला.

• • •

चेंबर शोधायला बिरूच सांगलीच्या भंगार बाजारात गेला. चांगला मिळाला. घोंगड्यात गुंडाळून, छातीशी धरून एसटीत बसला.

कंडक्टरनं बघितलं. "काय रं, कोकरू हाय का? कोकराला तिकीट पडतं."

"न्हाई वो. ट्रकाचं पोट हाय."

"मला येडा समजतोस व्हय?" कंडक्टरनं घोंगड्यात हात घातला. हात मनगटापर्यंत काळा झाला. बिचारा विट्यापर्यंत दुसऱ्या हातानं तिकिटं फाडत राहिला.

• • •

जुना चेंबर काढायचा दिवस. चाकांना दगड लावले, ऑइल तासभर परातीत गळू दिलं, बोल्ट काढले. पण चेंबर जुन्या पॅकिंगला चिकटून बसलेला. मी उत्साहानं स्क्रू ड्रायव्हर घेतला.

"खाली ठेव त्यो!" आप्पा गरजले. "काठ वाकला तर जन्मभर गळंल. तुझ्या वहिनीचं धोपाटणं आण!"

धुण्याच्या लाकडी धोपाटण्यानं आप्पा चारी बाजूंनी हलकेच ठोकत राहिले. मी खालून चेंबर धरून. सुटला! आणि आत उरलेलं पळीभर ऑइल माझ्या तोंडावर आलं.

माझ्या नोकरीत तीन पुढाऱ्यांनी मला काळं फासायची धमकी दिली होती. एकालाही जमलं नाही!

वहिनी साबण घेऊन आल्या. म्हणाल्या, "भावजी, आता खोटं छापायला मोकळे झालासा. शिक्षा आदीच भोगलीया!"

• • •

आप्पांनी बोल्ट दुसऱ्या परातीत ओळीनं मांडले. परेडच ती. मोजले. तेवीस. चेंबरला भोकं चोवीस!

"एक जवान गैरहजर हाय."

झालं! आप्पा, बिरू आणि मी गुडघ्यांवर बसून अंगणातली माती चाळतोय. बिरूनं कुत्र्याचं तोंड उघडून बघितलं. माझा चष्मा ऑइलच्या परातीत पडला. आप्पांनी माझे खिसे तपासले. माझे! दुपार झाली.

वहिनी भाकरीला हाक मारायला आल्या. "काय शोधताय वो?"

"चोविसावा बोल्ट."

वहिनींनी न्हाणीकडं बोट दाखवलं. "आवं, पाच वर्सं झाली. न्हाणीच्या दाराची कडी मोडली तवा तुमीच काढून तिथं लावला न्हाई का?"

आप्पा उठले. न्हाणीपाशी गेले. बोल्ट बघितला. त्याला सॅल्यूट केला आणि म्हणाले, "पाच वर्सं डेप्युटेशनवर हाय गड्या!"

नवा चेंबर बसवताना मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. मधले बोल्ट आधी, मग समोरासमोरचे, प्रत्येक थोडा थोडा आवळत. शेवटचा आवळून बाहेर आले तेव्हा त्यांचा गुडघा धरला होता. वहिनींनी तेल तापवलं.

• • •

पासिंगच्या दिवशी निघताना बिरूनं नव्या चेंबरलाही भंडारा लावला होता. अधिकारी तरुण होता. त्यानं बॅटरी मारून खाली बघितलं. "हळद कशाला लावलीय?"

बिरू पटकन म्हणाला, "नवा चेंबर हाय साहेब. लगीन लागलंय त्याचं."

अधिकारी हसला नाही. त्यानं एक पांढरा कागद इंजिनाखाली सरकवला आणि इंजिन चालू ठेवायला सांगितलं. आप्पा स्टिअरिंगला धरून ताठ बसलेले. शेजारी वहिनी, डोळे मिटलेले. मी आयुष्यात निवडणुकीचे निकाल बघितले, पण असा श्वास कधी रोखला नव्हता!

कागद बाहेर आला. कोरा!

आप्पा खाली उतरले आणि तो कागद मागून घेतला. आता तो घरात, मुलाच्या वर्दीतल्या फोटोशेजारी चिकटवलेला आहे.

• • •

आणि गेल्या मंगळवारी, सकाळी अकराला, आम्ही अंगणात चहा पीत बसलो होतो. पोस्टमन लंगडत आला. पँट गुडघ्यावर फाटलेली, रक्त येत होतं.

"काय झालं रं?" आप्पांनी विचारलं.

"त्या गतिरोधकावरनं गाडी उडाली. पडलो." त्यानं पिशवीतून माझ्या नावाचं रजिस्टर पत्र काढलं. "हे घ्या. सही करा."

बिरूनं भंडारा काढून त्याच्या गुडघ्यावर दाबला. वहिनींनी पाणी आणलं. मी पाकीट फोडलं. माझ्या अर्जाचं उत्तर होतं. शिक्का, जावक क्रमांक, खाली सही. आप्पा म्हणाले, "मोठ्यानं वाच."

मी वाचलं :

"सदर ठिकाणी प्रत्यक्ष पाहणी करण्यात आली असता, तेथे कोणताही गतिरोधक आढळून आला नाही."