आवाज बंद ठेवून लिहिलेली सदतीस मतं

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात मी एका अडत्याच्या गाळ्यावर क्रेट मोजतो आणि दर पंधरा दिवसांनी व्हिडिओ गेमच्या एका मराठी वेबसाइटवर सदर लिहितो. या दोन कामांचा एकमेकांशी संबंध काय, असं बायको विचारते. संबंध आहे. दोन्हीकडे लोक अंदाजाने बोलतात आणि मी मोजून बोलतो. त्या वेबसाइटवर कुणीतरी लिहिलं होतं की अमुक गेममध्ये शत्रू फार आहेत. फार म्हणजे किती, ते मी मोजून खाली प्रतिक्रियेत कळवलं. पुण्याहून संपादकबाईंचा फोन आला, लिहाल का म्हणून. त्याला दीड वर्ष झालं. मोजल्याशिवाय मत द्यायचं नाही, हा सदराचा नियम पहिल्याच लेखात जाहीर केला होता.

सदतिसाव्या लेखात मी एका बिबट्याच्या गेमला दहापैकी तीन गुण दिले. मंचरकडच्या एका मुलीने तो एकटीने बनवलाय. शाळेतून सुटलेली पोरगी उसातून घरी चाललीय, उसात बिबट्या आहे, एवढाच खेळ. एका खेपेला चार मिनिटं. मी बत्तीस वेळा खेळलो आणि एकोणतीस वेळा मेलो. लिहिलं, 'बिबट्या कसलीही सूचना न देता येतो. खाली एक बटण आहे, ते दाबून काहीच होत नाही.'

शुक्रवारी त्या मुलीचा फोन आला.

"काका, एक इचारू? तुमी आवाज बंद ठेवून खेळला का?"

मी म्हणालो, "आवाज बंदच असतो."

ती म्हणाली, "बिबट्या जवळ आला की टिटवी वरडती. मग वस्तीवरचं कुत्रं भुकतं. कुत्रं गप झालं की समजायचं, आला. तवा ते बटण दाबायचं. पोरगी मोठ्यानं बोलाया लागती आन् बिबट्या निघून जातो. सगळा गेमच आवाजाचा हाय, काका."

आमच्याकडे उसाच्या कडेने जाताना माणूस एकटा असला तरी बोलत जातो, नाहीतर मोबाइलवर गाणी लावतो. मी स्वतः घरच्या रस्त्याला लागलो की मोठ्याने पाढे म्हणतो. आणि बिबट्याचा गेम मी मुका करून खेळलो होतो.

मुलगी पुढे म्हणाली, "एका कंपनीनं गेम घ्यायचं ठरवलं व्हतं. त्यांनी तुमचा लेख वाचला. आता सोमवारी पुन्हा बसणार हायेत. दोन वर्सं गेली माजी यात."

आवाज बंद असण्याचं कारण आमची आई. हॉलमध्ये एकच आवाज चालतो, तो तिच्या हिंदी मालिकेचा. इयरफोन घालून पाहिले होते. पण बायकोच्या दोन हाका ऐकू आल्या नाहीत आणि तिसरी हाक प्रत्यक्ष समोर येऊन उभी राहिली. तेव्हापासून सगळे गेम मुके. एका लेखात तर मी लिहून गेलोय की 'संगीत कुठेही खटकत नाही.' ते खरंच आहे.

संपादकबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, मताच्या सदरात दुरुस्ती नसते. मत ते मत. बातमी थोडीच आहे?"

"मत राहू द्या, मॅडम. एकोणतीस आकडा चुकलाय."

"रविवारी रात्रीपर्यंत पाठवा मग," त्या म्हणाल्या. "आणि लहान लिहा."

रविवारी दुपारी मी आईसमोर उभा राहिलो. टीव्ही दोन तास बंद ठेवावा लागेल म्हणालो.

"हे रिपीट हाय," आई म्हणाली.

"मग बंद करू?"

"रिपीट हाय म्हून तर बघतीय. सकाळी झोप लागली व्हती मला."

बायको म्हणाली, "आत्या, एका पोरीचं काम अडलंय यांच्या शहाणपणामुळं." टीव्ही बंद झाला. आई माझ्या शेजारी येऊन बसली, कारण बघायला दुसरं काही राहिलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला ती ओरडली, "टिटवी वरडली, बोल की, मेल्या." मी बटण दाबलं. पोरगी बोलली. बिबट्या गेला.

पुन्हा बत्तीस खेपा केल्या, कमी करून चाललं नसतं. सहा वेळा मेलो, त्यातल्या चार वेळा आई आणि बायको एकदम सूचना देत होत्या. तीनचे आठ गुण केले. दोन कापले, कारण उसातल्या वस्तीवर एकच कुत्रं असणं आमच्या तालुक्यात शक्य नाही. टिटवी आधी आईला ऐकू आली, हेही लिहिलं. खाली लिहिलं की आधीचे छत्तीस लेखही आवाज बंद ठेवूनच लिहिलेत, कारण घरात मालिका चालू असते, वाचकांनी त्या हिशेबाने घ्यावेत. संपादकबाईंनी हे वाक्य काढायला सांगितलं. मी नाही म्हणालो. छापलं.

सोमवारी संध्याकाळी मुलीचा फोन आला. कंपनीने गेम घेतला होता.

"पण काका, एक अट घातलीय. परत्येक आवाज पडद्यावर अक्षरात लिव्हून दाखवा म्हणले. आवाज बंद ठेवून खेळणारी लई माणसं असतात, असं त्यांनी एका सदरात वाचलं."

"किती आवाज आहेत?"

"एकेचाळीस. माजे दोन महिने जाणार तुमच्यापायी." मग जरा हसली. "टिटवीला काय लिव्हू, ते आजीला इचारून कळवा."