शिव्या न देता झालेलं मीठ

हे मी अजून कुणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही — ती गेली, तिला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. तुम्ही माझे कोण? कुणी नाही. म्हणूनच सांगायला बसलोय. चौथीत शाळा सुटली माझी, लिहायची सवय नाही. वाकडंतिकडं होईल. होऊ दे.

जासईच्या बाजूला आमचं मिठागर होतं. आता तिथे कंटेनर उभे असतात. भरतीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटवायचं, खाली मीठ धरलं की ओढून ढीग करायचे. हे सगळेच करायचे. आमच्या घरात एक काम जास्तीचं होतं. आभाळात ढग दिसला की घरच्या कर्त्याने बांधावर उभं राहून त्याला शिव्या द्यायच्या. अगदी पोटातून. माझा बाप द्यायचा, मग मी. शिव्या ऐकून ढग सरकतो, ऊन पडतं, मीठ धरतं — असं आम्ही मानायचो. मानायचो कसलं, मला पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या आगरातले लोकही मला हाक मारून न्यायचे. मला गावात तेवढाच मान होता.

माझी मुलगी वनिता तेव्हा आठवीत. सहामाही परीक्षा झाली, पेपर अजून वाटायचे होते, आणि विज्ञानाच्या बाईंनी मला शाळेत बोलावलं. धुतलेला सदरा घालून गेलो. मास्तरांच्या खोलीत चार-पाच जण बसलेले. बाईंनी तिचा पेपर काढला आणि मोठ्याने वाचला. प्रश्न होता, समुद्राच्या पाण्यापासून मीठ कसं मिळवतात. पोरीने लिहिलं होतं —

“पाणी वाफ्यात घ्यावे. मग माझे बाबा बांधावर उभे राहून ढगांना शिव्या देतात. त्या येथे लिहिता येत नाहीत. मग मीठ होते. मागच्या वर्षी बाबांना ताप आला. ते घरी झोपून होते, कुणीही शिव्या दिल्या नाहीत. तरी मीठ झाले. उलट जरा जास्तच झाले. अनुमान : मीठ उन्हाने होते. बाबांना विश्रांती द्यावी.”

सगळे हसले. बाई तर डोळे पुसत होत्या. एका मास्तरांनी विचारलं, यंदा एखादी नवीन शिवी काढलीत का. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मला आज कळतं. की तेव्हाही कळत होतं? कळत होतं बहुतेक. बाई सांगत होत्या, बाकीच्यांनी पुस्तकातलं पाठ करून लिहिलं, हिने एकटीने बघून, पडताळून लिहिलं. पैकीच्या पैकी गुण दिलेत. पुढच्या वर्षी हिला पनवेलच्या मोठ्या शाळेत घाला, माझ्या घरी राहील, तुमच्यावर भार नाही.

मी ऐकत होतो का? इतकी वर्षं बांधावर उभा राहून मी जे केलं, ते काहीच नव्हतं — आणि हे माझ्याच पोरीने सगळ्यांना लिहून दिलं होतं. मी बाईंना बोललो, पोरीलाच शाळा नको आहे. घरी रडते. ही पहिली थाप.

दुसरी बाहेर. वनिता शाळेच्या नळापाशी थांबली होती. हात ओले, तोंड उजळलेलं. बाई काय बोलल्या, असं विचारलं तिने.

मी बोललो, “तुला विज्ञान जमायचं नाय, बोलल्या. नापास हायस. उगाच शाळेत बसवू नका, बोलल्या.”

“नापास?” — एवढंच. एकदाच. मग दप्तर घेऊन माझ्या मागून चालत आली. रडली असती तर मी काय केलं असतं? काही नाही. मी मला ओळखतो. दुसऱ्या दिवसापासून ती आगरावर आली, मीठ ओढायला. बाई एकदा घरी आल्या होत्या, ती कामावर असताना. मी दारातूनच परत धाडलं. त्या साली मी आधीपेक्षा मोठ्याने शिव्या दिल्या. वनिता खाली मान घालून मीठ ओढायची. वर बघायची नाही.

पुढे आगर सरकारच्या भूसंपादनात गेलं. ती लग्न होऊन ओवे गावात गेली. आता पनवेलला तिचा फ्लॅट आहे आणि मी तिच्याकडेच असतो. माझ्या गोळ्या तीच देते. दूध नासलं तर ते का नासलं, हे शोधल्याशिवाय ती सोडत नाही — दोन भांड्यांत वेगवेगळं ठेवून बघते. मी बसल्या जागेवरून बघतो.

गेल्या रविवारी नात अभ्यासाला बसली होती. तीही आठवीत. आईला विचारायला लागली, बाष्पीभवन नीट समजावून सांग. वनिता भाकरी थापत होती.

“मला नको विचारू, बाय. विज्ञान माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाय. आमच्या बाईंनीच सांगितलेलं.” मग माझ्याकडे वळली. “सांगितलेलं ना, बाबा?”

तिच्या आवाजात राग नव्हता. खोलीत आम्ही तिघंच होतो. खरं बोलायला काय लागलं असतं?

मी बोललो, “हो.”

नातीने पुस्तक मिटलं. “म्हणजे मी तुझ्यावरच गेलेय,” असं आईला बोलली, आणि दोघी हसल्या. वनिताने गरम भाकरी माझ्या ताटात वाढली. मी जेवलो.