दोराचं दुसरं टोक

प्रफुल्लमामा संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याचे केस ओले असायचे. जानेवारीच्या थंडीतसुद्धा. एम-एटी गाडी अंगणात लावून तो दारातच थोडा थांबायचा, स्वतःच्या बाहीचा वास घ्यायचा आणि मग आत यायचा. मी तेव्हा डिप्लोमाला होतो आणि नाशिकरोडला आजोळीच राहत होतो. मला वाटायचं, मामाला घामाचा वास आवडत नसेल.

मामा फिटर. सातपूरची कंपनी बंद पडल्यावर त्यानं मिळेल ते केलं आणि २००५ साली अंजनेरीच्या पायथ्याशी पक्षीमित्रांच्या एका संस्थेत त्याला काम मिळालं. घरी त्यानं सांगितलं, "पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या. दुर्बीण देतात." माझे आजोबा, देवराम गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी विहारात सगळ्यांना सांगितलं, "आमचा प्रफुल्ल संशोधनात आहे."

दुर्बीण खरी होती. नोंदीही खऱ्या होत्या. फक्त कामाचा अर्धा भाग मामानं सांगितला नव्हता. उरलेला अर्धा म्हणजे आसपासच्या गावांत मेलेली गुरं ओढून कड्याखालच्या माळावर टाकायची, गिधाडांसाठी.

दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. आमच्या घरात होतं. येवल्याजवळच्या आमच्या मूळ गावात मेलेलं ढोर ओढायचं काम पिढ्यान् पिढ्या आमच्याच लोकांच्या गळ्यात होतं. आजोबा लहान असताना आमच्या वस्तीनं ठरवून ते सोडलं. त्यावर गावानं दुकान बंद केलं, गिरणी बंद केली, शेतातली मजुरी बंद केली. वस्ती हलली नाही. मग उन्हाळ्यात पाटलाचा बैल मेला आणि वेशीजवळ पडून राहिला. आजोबा ही गोष्ट दर वर्षी चौदा एप्रिलला सांगायचे आणि तिचा शेवट ठरलेला असायचा. "अखेर पाटलाच्या पोरांनी तोंडाला उपरणी बांधून स्वतः ओढला. गिधाडं तेव्हाही आली बरं का. त्यांना काय, ओढणारा कोण ते!" सगळे हसायचे. मामाही लहानपणापासून हसत आला होता.

संस्थेनं दोन माणसं घेतली होती. मामा आणि गावातलाच एक तरुण. पहिली म्हैस मेल्याची खबर आली तेव्हा दोर जमिनीवर पडलेला होता. तो तरुण जरा मागे सरला. संस्थेचे साहेब सज्जन, शिकलेले, कोणाला उणा शब्द न बोलणारे. त्यांनी मामाकडे पाहिलं. फक्त पाहिलं. मामाचं आडनाव त्यांना माहीत होतं. मामानं वाकून दोर उचलला.

"कोणी म्हणालं असतं ना, हे तुमचंच काम, तर मी तिथंच भांडलो असतो," तो मला खूप नंतर म्हणाला. "पण कोणी बोललंच नाही रे. मीच उचलला."

त्या दिवसापासून दोर त्याचाच झाला. खरं म्हणजे हे दोघांचं काम. दोर मधोमध जनावराच्या पायांना बांधतात आणि दोन टोकं दोघांनी ओढायची असतात, नाहीतर जनावर एका अंगाला फिरतं. तो तरुण दोराजवळ यायचाच नाही. टेंपोचा ड्रायव्हर गोटीराम फळी लावायचा, पण दोराला हात लावायचा नाही. तेव्हा मामानं आपली फिटरची अक्कल वापरली. टेंपोच्या सांगाड्याला एक चेनपुली बसवली आणि दोराचं एक टोक तिच्यात अडकवलं. साहेबांनी त्याचं फार कौतुक केलं. एकट्याचं काम झालं.

तोंडाला तो रुमाल बांधायचा. लोकांना वाटे, वासामुळे. काम झाल्यावर ओढ्यावर साबण लावून अंघोळ करायचा, पिशवीतले दुसरे कपडे घालायचा. गोटीरामला प्रत्येक खेपेला बजावायचा, "नाशिकरोडला कोणी भेटलं तर बोलू नको."

"मी कशाला बोलतोय?" गोटीराम म्हणायचा. "मला कोण विचारतंय? पन तुमची गिधाडं बरी. आंघोळ केल्याबिगर ती बी घरी जात नाय."

हे खरं होतं, आणि इथंच मामाची दुसरी अडचण होती. त्याला गिधाडं आवडायला लागली होती. माळावर जनावर टाकलं की आकाश रिकामं असायचं. मग कुठूनतरी एक ठिपका. तो खाली उतरायला लागला की लांबच्या डोंगरावर घिरट्या घालणारं दुसरं त्याच्याकडे बघून वळायचं, आणि त्या दुसऱ्याकडे बघून तिसरं. अशी एकमेकांवर नजर ठेवून सगळी गोळा व्हायची. उतरल्यावर मात्र घाई नाही. आधी कावळ्यांना जाऊ द्यायचं, आपण लांब बसून बघायचं. मग भांडणं, धक्काबुक्की, आणि पोट भरल्यावर ओढ्याच्या डबक्यात पंख आपटून अंघोळ. नंतर खडकावर पंख उघडून उन्हात बसायची, वाळत घातलेल्या घोंगड्यांसारखी.

कड्याच्या एका कपारीत त्या हिवाळ्यात एका जोडीचं पिल्लू होतं. वर्षाला एकच अंडं, आणि नर-मादी पाळीपाळीनं ते उबवतात. त्यातल्या नराच्या उजव्या पंखात एक पीस कमी होतं. तो वाकून, मान खाली घालून, विचार करत असल्यासारखा चालायचा. मामानं त्याचं नाव मास्तर ठेवलं होतं. कोणावरून, ते सांगायला नको.

पूर्वी तिथं जत्रा भरावी इतकी गिधाडं असायची म्हणे. गुरांना दुखण्यावरचं एक इंजेक्शन द्यायला लागले, आणि ते दिलेलं जनावर खाऊन ती मेली. म्हणून मामा आधी विचारायचा, इंजेक्शन दिलं होतं का, आणि मगच दोर काढायचा. चांगलं जनावर मिळालं नाही तर पिल्लू उपाशी. ते त्याला दुर्बिणीतून दिसायचं.

एका वर्तमानपत्रात फोटो आला तो त्याच जानेवारीत. खांद्यावर दोर घेतलेला, तोंडाला रुमाल बांधलेला माणूस, मागे वासराचे पाय, वर गिधाडं. माणसाचं नाव नव्हतं.

त्या रात्री आजोबांनी पेपरची घडी ताटाशेजारी ठेवली.

"रोहिणी, हा स्वेटर ओळखतेस?"

निळा स्वेटर आजीनं जायच्या आधी विणलेला. कोपरावर वेगळ्या लोकरीचं ठिगळ. रोहिणीमामीचा भाकरी थापणारा हात थांबला.

"दादा, आधी जेवून घ्या."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"कपडे मीच धुते ना," मामी म्हणाली.

मामा ताटाकडे बघत बसला. मला वाटलं, आजोबा ओरडतील. ते वर्गात विचारावं तशा आवाजात म्हणाले, "दोराचं हे टोक तुझ्या खांद्यावर. दुसरं कोणाच्या हातात असतं?"

"चेनपुलीला असतं, दादा. मीच बसवलीय. एकट्याला ओढता येतं."

"एकट्याला का ओढावं लागतं?"

मामानं ताट थोडं पुढं सरकवलं.

"गिधाडं जगली पाहिजेत, एवढं मलाही कळतं. पण त्यासाठी दोर तुझ्याच खांद्यावर का, हे कोणाला विचारलंस?"

"नाही."

"आणि कोणी आपण होऊन धरला नाही, म्हणून तू मशीन लावलंस. म्हणजे त्यांना विचारायलाही नको." आजोबांनी चष्मा काढला. "विहारात आज सगळे हा फोटो दाखवत होते. गुरुजी, बघा, काय काम करतो हा माणूस! कौतुकच करत होते. मी म्हणालो, हो, छान. पुढं काही बोललो नाही." त्यांनी चष्म्याच्या काचा पुसल्या. "माझ्या पोराला मी ओळख दाखवली नाही, प्रफुल्ल."

भाकरी करपल्याचा वास आला तरी मामीनं ती उलटली नाही. त्या रात्री घरात कोणी कोणाकडे बघितलं नाही.

काम सोडायचं, असं मामानं जवळजवळ ठरवलं होतं. पण पिल्लाला पंख फुटत होते, आणि त्या आठवड्यात गावात एकही जनावर मेलं नव्हतं. मग खंडेरावाचा निरोप आला. खंडेराव म्हणजे पायथ्याचा भात-टोमॅटोवाला शेतकरी. त्याचा म्हातारा बैल पहाटे गेला होता.

मामानं चेनपुलीचा नट काढला आणि ती संस्थेच्या शेडमध्ये ठेवून दिली. खंडेरावाच्या गोठ्याशी पोचल्यावर नेहमीसारखं इंजेक्शनचं विचारलं. "नाय, निस्तं म्हातारपन," खंडेराव म्हणाला. मामानं बैलाच्या पायांना दोर बांधला. दोन टोकं दोन बाजूंना टाकली. एक स्वतः उचललं.

"धरा, खंडेराव."

खंडेराव हसला. "मी? आरं, तुझं ते चाक कुठंय?"

"आणलं नाही."

"मंग जा की, घिऊन ये. मी थांबतो."

"बैल तुमचा आहे. एक टोक तुम्ही, एक मी."

"आमच्यात नाय धरत, प्रफुल्ल. तुला ठाव हाय ना."

"आमच्यातही नाही धरत," मामा म्हणाला. "लय वर्षं झाली सोडून."

टेंपोत बसलेल्या गोटीरामनं तोंडातला घास गिळला नाही. खंडेराव लाल झाला.

"मंग पगार कशाचा घेतो रं? मी जेसीबी बोलावतो. खड्डा करून पुरून टाकतो. बसू दे तुझी पाखरं बोंबलत!"

"बोलवा," मामा म्हणाला खरा, पण त्याचं लक्ष आकाशाकडे होतं. वर एक गिधाड फिरून गेलं होतं. कपारीत पिल्लाशेजारी मास्तर मान खाली घालून बसला असेल, बापासारखा. वाकून दुसरं टोकही उचलावं, झालं. कोणाला काय कळणार होतं? मामानं हातातलं टोकही खाली ठेवलं आणि गोठ्याच्या ओट्यावर बसला.

जेसीबीवाला म्हणाला, बांधावरून गाडी येणार नाही. ऊन चढलं. बैलाभोवती माश्या घोंगावायला लागल्या. खंडेराव घरात जायचा, बाहेर यायचा, दोराकडे बघायचा. शेवटी त्याची बायको चतुराबाई उठली. इतका वेळ ती बैलाच्या डोक्याशी बसून माश्या हाकलत होती, ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"आहो, पोळ्याला त्याच्या पाया पडता," ती म्हणाली. "शिंगं रंगवता, पुरनपोळी भरवता. आता हात लावायला काय झालं? ते धरत नसाल तर मी धरते."

"तू आत जा."

"नाय जायची."

खंडेरावानं खांद्यावरचा टॉवेल काढून तोंडाला घट्ट गुंडाळला. रस्त्याकडे पाहिलं. मागच्या घराकडे पाहिलं. मग वाकून टोक उचललं.

दोघं समोरासमोर आले, रुमालावर डोळे आणि टॉवेलवर डोळे. मामा पुढं मला म्हणाला, "मला वाटलं होतं, मला आनंद होईल. आजवर आजोबांच्या गोष्टीत मी पाटलाच्या पोरांना हसत आलो. पण त्याचे डोळे बघितले ना, तर ते माझेच होते. रोज सकाळी गाडीच्या आरशात दिसायचे तेच. कोणी बघत तर नाही ना, एवढंच त्यांच्यात होतं." त्यानं आपला रुमाल सोडला आणि खिशात घातला. मेलेल्या बैलाचा वास इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ त्याच्या नाकात गेला. त्यानं दोर ताणला आणि म्हणाला, "हं, ओढा."

बैल सरळ आला. एका अंगाला फिरला नाही.

माळावर उतरवल्यावर खंडेराव लांब जाऊन बसला. आकाशात ठिपका दिसला, मग दुसरा. मास्तर कपारीतून सुटला आणि डोक्यावरून गेला, तेव्हा त्याच्या पंखांचा वाऱ्यासारखा आवाज झाला. खंडेरावानं टॉवेल न सोडता वर बघितलं.

"कुठनं येतात रं हे एवढे?"

"एकमेकांकडे बघून," मामा म्हणाला.

खंडेरावानं ओढ्यावर मातीनं हात चोळले, धुतले, पुन्हा चोळले. निघताना मामाजवळ येऊन हळूच म्हणाला, "गावात बोलू नको."

ते वाक्य मामाच्या तोंडून गोटीरामनं किती वेळा ऐकलं होतं. गोटीराम दुसरीकडे बघत राहिला.

त्या संध्याकाळी मामा ओढ्यावर थांबला नाही. घरी आला तेव्हा केस कोरडे होते. तो दारात उभा राहिला आणि वास घरभर झाला. आजोबा खुर्चीतून उठले.

"आज आंघोळ नाही केलीस."

"नाही."

"दुसरं टोक?"

"शेतकऱ्यानं धरलं. ज्याचा बैल होता त्यानं." मामानं चपला काढल्या. "तोंडाला टॉवेल बांधून. फार लाज वाटत होती त्याला, दादा."

"आणि तुला?"

"मलाही. रुमाल सोडला तरी वाटतच होती."

आजोबांनी मान खाली घातली. हात मागे बांधून ते दारापर्यंत गेले, परत आले. मी मास्तरला तोवर पाहिलेलं नव्हतं, पण पुढं मामानं मला दुर्बिणीतून दाखवला तेव्हा मी लगेच ओळखला.

"रोहिणी, पाणी तापव," आजोबा म्हणाले. मग मामाकडे न बघता म्हणाले, "पुढच्या वेळी त्यालाही टॉवेल सोडायला सांग. विहारात मी उद्या तुझं नाव सांगतो."

दुसऱ्या दिवशी ते विहारात गेले. सांगितलं की नाही, ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.