तिचं यंत्र, माझा मुजरा

मला बोलायला फार आवडतं. तेरवीच्या पंगतीतही मी चार जणांना हसवून येतो, म्हणून घरचे हल्ली मला तेरवीला नेताना तोंडावर बोट ठेवून दाखवतात. पण एकदा मी बोललो नाही. बोलायला हवं होतं तेव्हाच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. गांधीबागेच्या कापडबाजारामागे दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो: बाबा, मी आणि माझ्याहून दोन वर्षांनी लहान बहीण. आई आमच्या लहानपणीच गेली. बाबा सरकारी कचेरीत कारकून. त्यांच्या साहेबांची बदली झाली तेव्हा साहेबांच्या बायकोने आवरताना पोतंभर प्लास्टिकच्या विटा आम्हाला देऊन टाकल्या. परदेशी खेळणं. एकीवर दुसरी दाबली की टक् करून बसायची. सोबत थोडी चाकं, थोड्या दांड्या. मी त्यांचा राजवाडा बांधला, त्यात मुंगळ्यांचा दरबार भरवला आणि कंटाळलो. तोवर मी कॉलेजात जाणारा बाप्या झालो होतो, हे सांगायचं राहिलं.

बहिणीने मात्र दुपारी बाबा कचेरीत असताना त्या विटांचं एक यंत्र केलं. विटांच्या चौकटीत तुपाच्या डब्याचं झाकण उभं बसवलं, त्याला फिरवायला मूठ. झाकणाच्या सपाट अंगाला एक छोटं रबरी चाक टेकवलेलं. झाकण फिरलं की चाक फिरायचं आणि चाकाच्या दांडीवर दोरी गुंडाळत ओझं वर यायचं. आता गंमत अशी की ते चाक दांडीवर सरकायचं. झाकणाच्या काठाशी नेलं की भरभर फिरायचं, मध्याकडे आणलं की हळू. अगदी मध्यावर एकदम थांबायचं आणि मध्य ओलांडला की उलटं फिरायचं. मूठ मात्र सारखी एकाच वेगाने फिरवायची. गिअर बदलायचा खडखडाट नाही, काही नाही.

"कशाले केलं वं हे?" मी विचारलं.

"मले पॉलिटेक्निकात जायचं आहे," ती म्हणाली. "तू बाबांले सांग ना, दादा. तुले बोलता येते."

मी सांगितलं. बाबांच्या डोळ्यांसमोर भिवापूरचं एक स्थळ होतं. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "मले त्यातलं काही समजत नाही. शाळेत गल्लीतल्या पोरापोरींचं प्रदर्शन आहे, पॉलिटेक्निकचे मास्तर येऊन राहिले तपासाले. त्या माणसानं म्हटलं की पोरीत दम आहे, तर फॉर्मवर सही करतो."

प्रदर्शनाच्या दिवशी आमची वाटणी ठरली होती: मूठ ती फिरवणार, बोलणार मी. आणि मी काय बोललो म्हणता! "पाहा, पाहा, मूठ फिरते आहे, पण ओझं जागेवर! आता उलटं!" लोक दुसऱ्या टेबलांवरून उठून आमच्याकडे आले. एका म्हाताऱ्याने तर खाली वाकून टेबलाखाली कोणी माणूस लपलाय का, ते पाहिलं. बाबा गर्दीत मागे उभे, इस्त्रीचा सदरा घालून.

मास्तर आले. सगळं पाहिलं आणि मला विचारलं, "ओझं वाढलं की हे चाक घसरेल. मग?"

मला काय ठाऊक! मी कधी विचारलंच नव्हतं. "सर," मी म्हणालो, "ओझं वाढलं की भलेभले घसरतात, हे तर चाक आहे!"

हॉलभर हशा पिकला. मास्तरही हसले, पण हलले नाहीत. तेव्हा मूठ सोडून बहीण म्हणाली, "ओझ्याच्या दोरीचं दुसरं टोक कप्पीवरून चाकाच्या चौकटीले बांधलं आहे, सर. ओझं जेवढं जड, तेवढं चाक झाकणावर घट्ट दाबल्या जाते."

मास्तर वाकले. दोरीवरून बोट फिरवत गेले. मग ताठ होऊन त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शाबास! बहिणीलासुद्धा पक्कं शिकवलंय तुम्ही."

टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांत मी छातीवर हात ठेवला आणि नाटकातल्या सरदारासारखा लवून मुजरा केला. बस्, एवढंच. मान वर केली तेव्हा बाबा डोळे पुसत होते आणि बहीण दोरी सोडवत होती.

घरी आल्यावर मी म्हणालो, "बाबा, ते तिनं बनवलं. सगळं तिनंच."

"काहून खोटं बोलून राहिला गा?" बाबा हसले. "मागच्या वर्षी तूच सांगतलं होतं ना, गांधीबागेत हत्ती धोतर घ्यायले आला म्हणून? अर्धी गल्ली पाहाले गेली होती."

मी आईची शपथ घेतली, त्यांचे पाय धरले. जितका रडलो तितकं ते नाटक वाटलं. शेवटी बहिणीने सगळं यंत्र मोडलं आणि त्यांच्यासमोर बसून पुन्हा जोडलं, एकही वीट न चुकता. बाबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "चांगलं पाठ केलं, बाई. तुमची एकमेकांवर माया आहे, यातच मले आनंद आहे."

मास्तरांना गाठून खरं सांगायचं होतं. पॉलिटेक्निक सायकलने अर्ध्या तासावर. पण गल्लीत लोक मला थांबवून हात मिळवत होते, चहा पाजत होते. मला जायला आठ दिवस लागले. तोवर फॉर्मची तारीख निघून गेली होती. उन्हाळ्यात ती भिवापूरला नांदायला गेली.

मी तिच्याकडे जात राहिलो. माणसं चांगली, घर भरलेलं. बाबांनी तिथे सगळ्यांना माझ्या यंत्राचं कौतुक सांगून ठेवलेलं. मी दर वेळी म्हणायचो, यंत्र माझं नव्हे, हिचं आहे. आणि सगळे खूश होऊन हसायचे, की पाहुणा किती नम्र आहे.

मग तिची दोन्ही मुलं शाळेत जाऊ लागली. एका दुपारी दोघं मला चिकटली. "मामा, तुमच्या मशीनची गोष्ट सांगा!"

त्या दिवशी मी ठरवून हातवारे केले नाहीत. आवाज चढवला नाही, हत्ती आणला नाही, म्हातारा आणला नाही. तुमच्या आईने यंत्र केलं, तिने उत्तर दिलं, शाबासकी मी घेतली, असं सरळ सांगितलं. धाकटा मधेच उठून भोवरा शोधायला गेला. मोठी थोडा वेळ जांभया देत बसली, मग तीही गेली.

बहीण अंगणात मिरच्यांचे देठ खुडत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"खरं सांगतोस ना दादा, तर तुही गोष्ट रंगत नाही," ती म्हणाली, आणि सूप माझ्याकडे सरकवलं. "खुड आता. डोळ्याले हात नको लावू."