थोरल्या साडूंचा दिवा

वीजही माणसाला घाबरते, हे मला आमच्या थोरल्या साडूंमुळे कळलं. त्यांनी टेस्टर हातात घेतला, की दोन घरांपलीकडचा पंखा बंद पडतो. फुलंब्रीतलं बियाण्यांचं दुकान मुलाच्या ताब्यात दिल्यापासून त्यांनी सोल्डरिंगचा ध्यास घेतलाय. शहरात हौशी मंडळींचा तंत्रमेळा भरला, की इलेक्ट्रॉनिक्सच्या कार्यशाळेत कॉलेजच्या पोरांमध्ये पहिल्या बाकावर साडू, डाव्या हातात रबरी चप्पल चढवून! "करंट हाताला लागतो, मग चप्पल पायात कशाला?" हा त्यांचा सवाल बिनतोड असतो. फक्त त्या हाताने तार धरता येत नाही, म्हणून ते मला सोबत नेतात. बोटं माझी भाजतात, शिक्षण त्यांचं होतं.

हा सगळा खटाटोप अक्कांसाठी, म्हणजे त्यांच्या मंडळींसाठी. अक्कांना अलीकडे ऐकू येत नाही. साडूंनी दाराची बेल वाजवली, की गल्लीतली सगळी दारं उघडतात, त्यांचं सोडून. तेव्हा बेलबरोबर घरात लुकलुकेल असा दिवा करायचाच, हा त्यांचा पण. गेल्या मेळ्यात तो एकदाचा जुळला. शिकवणारी मुलगी म्हणाली, "काका, दाबा बटण." साडूंनी पिशवीतून नारळ काढला. "नवी वस्तू तशीच चालू करायची व्हय?" म्हणाले आणि टेबलाच्या कोपऱ्यावर हाणला. पाणी दिव्यावरून थेट एक्स्टेन्शन बोर्डात. फट्ट झालं आणि अख्खं सभागृह अंधारात. त्याच अंधारात साडूंनी सगळ्यांना खोबरं वाटलं, म्हणून कोणी रागावलं नाही.

"दिवा वाळवून लावला, लई भारी चालतोय," असा त्यांचा फोन आला, म्हणून मी एका संध्याकाळी बघायला गेलो; साडू मला घ्यायला बसस्टँडवर आले होते. आम्ही दोघं दारात पोचलो, तर बेलला बोट लागायच्या आत अक्कांनी दार उघडलं. "बघा! बटणाच्या आधीच पेटतो!" म्हणत साडू हातपाय धुवायला मोरीकडे गेले. मी हळूच बेल दाबली. गल्ली बाहेर आली, दिवा ढिम्म. अक्का माझ्या कानाशी येऊन कुजबुजल्या. पण स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्याने ती कुजबुज बसस्टँडपर्यंत गेली असावी. "पयल्या दिवसापासनं पेटत नाय तो, भाऊजी! म्हणून तर मी सांजच्याला खिडकीत बसून वाट बघते. ह्यांना सांगू नका!"

साडू मोरीच्या दारात टॉवेल घेऊन उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. मला फार वाईट वाटलं. निघताना फाटकापाशी मी म्हटलं, "पुढच्या मेळ्यात दुरुस्त करून आणू."

"गप बसा, पाव्हणं," साडू खिडकीकडे बघत म्हणाले, "पेटला तर ती तिथं कशाला बसंल?"