हळदीकुंकवातलं क्रीम

गुलाबाच्या क्रीमचा वास आला की मला लग्नानंतरची पहिली संक्रांत आठवते. मुलुंडच्या आमच्या घरी हळदीकुंकवाला बिल्डिंगमधल्या बायका जमल्या होत्या आणि मी काळी साडी नेसून, हलव्याचे दागिने घालून मधोमध खुर्चीत बसले होते. सासूबाईंनी नुकताच घरबसल्या क्रीम विकायचा धंदा धरला होता. आपण चौघींना जोडायचं, त्यांनी आणखी चौघींना. तिळगूळ वाटून झाल्यावर त्या म्हणाल्या, "थांबा, फरक डोळ्यांनी बघा," आणि माझ्या अर्ध्या चेहऱ्याला क्रीम चोळू लागल्या. कपाळापाशी आल्यावर, बोलता बोलता, त्यांनी कापसाने माझं कुंकू पुसलं. समोरच्या घरातल्या काकू, सासूबाईंची जुनी मैत्रीण, "नव्या सुनेचं कुंकू पुसलंस गं," एवढंच म्हणाल्या आणि वाण न घेता उठल्या. तेव्हा मीच हसून करंडा पुढे केला असता तर कदाचित निभावलं असतं, पण मी नुसती बसून राहिले. धंदा पुढे झकास चालला, निम्मी बिल्डिंग सासूबाईंच्या हाताखाली आली. काकूही क्रीम आमच्याकडूनच घेतात. सासूबाई दर वेळी म्हणतात, "आत ये ना गं," आणि काकू चपला न काढता दारातूनच पिशवी घेऊन जातात.