ताडकळसची बाई

ताडकळसची ती बाई म्हणजे मी. आठवड्यातून तीनदा, सकाळी अकराच्या आरोग्याच्या कार्यक्रमात फोन करून "माजी शुगर पार उतरली बघा, वैद्यबुवा" म्हणणारी. तिला नवरा होता, दोन म्हशी होत्या, गुडघे होते, पूर्वी चक्कर यायची. सगळं होतं, फक्त बाई नव्हती. स्टुडिओच्या काचेअलीकडं एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मी मोबाईल तोंडाशी धरायचे आणि ती व्हायचे. शेण खाल्लं मी, त्याला दुसरा शब्द नाही. आणि माझ्या मावशीच्या उजव्या पायाची दोन बोटं या बाईनं घालवली, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना कुणाला हसू येईल.

कारण हसण्यासारखंच होतं ते. आम्ही तर पोट धरून हसायचो.

परभणीत एका कापडाच्या दुकानावर दोन खोल्यांत आमचं रेडिओ केंद्र होतं. मला तिथं घेतलं ते माझ्या स्वच्छ उच्चारांमुळं. वडील शाळामास्तर. घरात कुणी 'हाय', 'न्हाई' म्हटलं की ते हातातलं पुस्तक खाली ठेवून बघायचे, आणि ते बघणंच पुरे व्हायचं. त्यामुळं मी लहानपणापासून पुस्तकासारखी बोलायला शिकले. बाजारभाव वाचायचे, पाऊसपाण्याचा अंदाज वाचायचे, वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायचे. माझा आवाज ऐकून लोक विचारत, पुण्याच्या का हो तुम्ही? आणि मला बरं वाटायचं, हेही सांगते.

मग ते वैद्यबुवा आले. साखरेच्या आजारावर त्यांचं एक चूर्ण होतं. एक तासाचा कार्यक्रम ठरला, लोकांनी फोन करायचे, बुवांनी उत्तरं द्यायची. त्यांचं शिक्षण काय ते कुणी विचारलं नाही, मीही नाही. पहिल्या दिवशी बुवा कपाळाला गंध लावून माईकसमोर बसले, आणि फोन वाजेचना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आमचे केंद्रप्रमुख, त्यांना आम्ही सर म्हणायचो, बाहेर येऊन मला म्हणाले, "ताई, तुम्हीच करा की एक फोन. बोहनी होऊ द्या. लोकांची भीड मोडली की आपोआप येतील."

मी केला. सेलूची एक शिक्षिका झाले. बुवा खुलले, तास पार पडला, सरांनी सगळ्यांना समोसे मागवले. बोहनी म्हणे! बोहनी एकदा होते, आमची रोज व्हायला लागली.

मला ते आवडत होतं. माझ्यावर कुणी सुरी नव्हती धरली. शिक्षिका झाली, मानवतची नवी सून झाली, पण रंग भरला तो ताडकळसच्या बाईला. ताडकळस माझं आजोळ. आई आणि मावशी तिथल्या. उन्हाळ्यात दोघी बहिणी चुलीपुढं बसून बोलायला लागल्या की मी भिंतीला टेकून ऐकत बसायचे. आई गेली तेव्हा मी नववीत होते. माय मरो पण मावशी जगो म्हणतात, तशी मावशी जगली आणि तिनं मला सांभाळलं. मानवतजवळच्या तिच्या गावाहून दर महिन्याला एस्टीनं यायची, माझ्या केसांना तेल लावायची, वडिलांची नजर चुकवून मला 'माजी माय' म्हणायची. तिच्याशीसुद्धा मी पुस्तकासारखंच बोलायचे. "मावशी, तू कशी आहेस?" ती हसायची. म्हणायची, "लय सुद्द बोलती माजी लेक."

आणि तिचंच बोलणं उचलून मी त्या खुर्चीवर विकलं. "जिवाला कसं हलकं वाटायलंय बघा." हे वाक्य मावशीचं. "आंग कसं फुलावानी झालंय," हे पण तिचंच. वाक्य संपताना ती श्वास आत ओढायची, ते सुद्धा मी घेतलं. पलीकडं बुवा मान डोलवायचे. सर काचेतून अंगठा दाखवायचे. ऑफिसात मला सगळे 'ताडकळस' म्हणूनच हाक मारायला लागले.

खरे फोन पुढं यायला लागले, तेव्हा ते चाळायचं कामही माझ्याचकडं आलं. आधी मी उचलायचा, नाव-गाव-प्रश्न विचारायचा, वहीत लिहायचा, आणि मग ठरवायचं की हा माणूस हवेवर सोडायचा की नाही. ज्याला चूर्ण कुठं मिळतं हे विचारायचंय तो लगेच आत. ज्याला गुण आला तो तर पायघड्या घालून आत. बाकीच्यांना "लाईन व्यस्त आहे, तुमचा नंबर घेतलाय, आम्हीच लावतो." आम्ही कुणाला लावत नव्हतो. एकदा एका माणसाचा फोन आला. म्हणाला, "मॅडम, आईनं तुमचं चूर्ण चालू केल्यापासून तिला उठवायलाच लागायलंय. उठत न्हाई ती. बुवाला इचारा, काय करू?" मागं कुणीतरी रडत होतं. मी काचेवर टकटक करून सरांना बोलावलं. त्यांनी वहीत बघितलं आणि मानेनंच नाही म्हटलं. मी त्या माणसाला सांगितलं, लाईन व्यस्त आहे. मग त्या जागी ताडकळसची बाई सोडली. तिची तब्येत ठणठणीत होती.

त्या माणसाच्या आईचं काय झालं मला माहीत नाही. त्याचा नंबर वहीत होता, मी लावू शकत होते. लावला नाही. शी!

गोळ्यांचं वाक्य नंतर आलं. एक दिवस सर म्हणाले, "ताई, आज बाईला सांगायला लावा की दवाखान्याच्या गोळ्या सोडल्या तरी शुगर नॉर्मल." तेवढ्यापुरती मी अडखळले. म्हटलं, "सर, गोळ्या सोडायचं नको म्हणायला." ते हसले. "तुम्ही कुठं सांगताय कुणाला सोडा म्हणून? ती बाई तिचं सांगतीय." आणि गंमत बघा, मला ते पटलं! ती बाई तिचं सांगतेय. जणू ती खरंच कुठंतरी बसली होती आणि मी नुसता तिचा निरोप पोचवत होते. जनाची नाही तर मनाची तरी असावी, पण मन त्या वेळी समोसे खात होतं.

मावशी आमचं केंद्र रोज ऐकायची. माझ्यासाठीच. बटनाच्या मोबाईलमधला रेडिओ लावून तो खुंटीला अडकवायची आणि गोठा झाडायची. शेजारणींना सांगायची, "बाजारभाव सांगती ना, ती माजी लेक हाय."

दिवाळीनंतर मी तिच्याकडं गेले होते. तिनं चहा केला, आणि कप हातात देता देता म्हणाली, "आगं, तुमच्या रेडिओत ती ताडकळसची बाई येती ना, तिला तू वळखतीस का?"

माझा कप तिथंच थांबला. म्हटलं, "नाही गं. फोनवर येते ती."

"माज्या माहेरची हाय ती. आवाज कसा, आपल्या घरातलाच वाटतो. मी तिला हुडकायला गेल्ते बाजाराच्या दिशी."

मावशी खरंच ताडकळसला गेली होती. दोन एस्ट्या बदलून, पिशवीत एक हिरवा खण आणि नारळ घेऊन. माहेरच्या बाईनं आपलं भलं केलं, तिची ओटी भरायची, एवढाच हिशेब. बाजारात तिनं भाजीवाल्या बायांना विचारलं, रेडिओवर बोलती ती बाई कोणत्या घरची? आणि त्या बायांनी चक्क पत्ता सांगितला. एक म्हणाली, वेशीकडच्या वस्तीवरची असेल. दुसरी म्हणाली, न्हाई, ती शाळेमागं राहती, दोन म्हशी हायेत तिच्या. मावशी शाळेमागं जाऊन आली. तिथं म्हशी होत्या, बाई लेकीकडं गेलेली होती. खण परत पिशवीत.

हे ऐकताना मला काय झालं असेल? हसू आलं. आतल्या आत, पण आलं. सोमवारी ऑफिसात सांगायला किस्सा मिळाला, असं वाटलं. सांगितलाही. सर डोळे पुसेपर्यंत हसले. "ताई, तुमच्या बाईला आता रेशन कार्ड काढून द्या," म्हणाले.

माहेरच्या बाईनं कुठलं भलं केलं, म्हणजे मावशीनं नक्की काय चालू केलं आणि काय बंद केलं, हे मी विचारलं नाही. तिला साखरेचा आजार आहे हे मला आधीपासून ठाऊक होतं; ती त्या बाईचं ऐकते, ती तिची ओटी भरायला निघाली होती, हे आता कानांनी ऐकलं. तीन गोष्टी शेजारी शेजारी होत्या. मी चहा पिऊन, हातात शेंगांची पिशवी घेऊन परत आले.

दोन महिन्यांनी मावसभावाचा फोन आला. मावशीला परभणीच्या दवाखान्यात आणलंय. पायाला चपलेचा अंगठा लागून जखम झाली होती, तिनं हळद भरून तशीच दाबली. जखम काळी पडली. मी पोचेपर्यंत दोन बोटं काढून झाली होती. डॉक्टर मावसभावावर ओरडत होते की चार महिने हिनं एक गोळी घेतलेली नाही, तुम्ही घरातले काय करत होता? तो बिचारा खाली मान घालून उभा. ज्यानं ऐकायला पाहिजे होतं ते माणूस दारात उभं होतं, चप्पल काढत.

"अजून वेळ गेलेली नाही," डॉक्टर मला म्हणाले. "पण आता औषध नीट घेतलं नाही, तर पाय घोट्यापासून काढावा लागेल. समजावा त्यांना."

समजवायचं काय? मावशी गोळी तोंडात धरायची आणि नर्स वळली की उशीखाली ठेवायची. मी उशी उचलली तर चार गोळ्या, ओल्या होऊन सुकलेल्या. मी रडकुंडीला आले. ती मला थोपटत म्हणाली, "उगं भिऊ नको. माजंच पथ्य चुकलं. ती बाई बघ की, गोळी सोडून कशी ठणठणीत झाली. ती माहेरची हाय माजी, ती खोटं कशाला बोलंल?"

मावसभाऊ चहा आणायला खाली गेला होता. शेजारच्या खाटेवरची म्हातारी झोपली होती. मी मावशीच्या उशाशी बसले.

"मावशी, ती बाई नाही."

"मंजी? मेली का काय?"

"नाही. ती कधी नव्हतीच. आमच्या रेडिओतलंच कुणीतरी बोलायचं तिच्या नावानं."

"काहीबी सांगू नको. मी ह्या कानानं ऐकलीय. ताडकळसचीच हाय ती. शिकल्यासवरल्या बायांना तसं बोलता येत न्हाई."

तिनं तोंड भिंतीकडं केलं. नर्सनं दिलेली गोळी तिच्या मुठीत होती. मग माझ्याकडं एकच गोष्ट उरली. मी डोळे मिटले, श्वास घेतला, आणि मावशीच्या कानाशी वाकून बोलले, "नमस्कार, वैद्यबुवा. मी ताडकळसहून बोलायलेय. माजी शुगर पार उतरली बघा. गोळ्या दिल्या सोडून. जिवाला कसं हलकं वाटायलंय, आंग कसं फुलावानी झालंय."

शेवटी श्वास आत ओढला. तिच्यासारखा.

मावशीनं हळूहळू तोंड वळवून माझ्याकडं बघितलं. ओरडली नाही. ओरडली असती, दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्या, तर मी पाय धरून रडले असते आणि मोकळी झाले असते. तिनं मूठ उघडली. "पाणी दे," म्हणाली. मी पाणी दिलं. तिनं गोळी घेतली, घोट गिळला, तोंड उघडून मला दाखवलं, लहान पोर दाखवतं तसं.

"त्या पिशवीत खण हाय," ती म्हणाली. "मानवतला गेले की कुणी ताडकळसचं भेटलं तर धाडावा म्हणून संगं ठेवला होता. काढ."

मी काढला. हिरवा खण, घडी मोडलेली नव्हती.

"घे. तुजाच हाय."

"मावशी, नको गं."

"घे म्हणते ना. नारळ नासला, आता खणच घे."

मी घेतला. हातात धरून बसले. नोकरी मी त्याच आठवड्यात सोडली, त्यानं काही झालं नाही. महिन्याभरात कुठली तरी दुसरी मुलगी त्या खुर्चीवर बसली, आणि ताडकळसच्या बाईची शुगर अजून उतरलेलीच आहे. मावशीचा पाय वाचला. ती लंगडत गोठा झाडते, गोळी रोज घेते. रेडिओ लावत नाही.

पण त्या दिवशी, खण माझ्या मांडीवर ठेवून मी बसलेली असताना, ती छताकडं बघत बोलली, ते ऐकायचं राहून गेलं असतं तर बरं झालं असतं.

"तुजी माय गेली तवापासून मी वाट बघायलेय," मावशी म्हणाली, "का ही पोरगी एकदा तरी माज्यासंगं आपल्यावानी बोलंल. आन् बोललीस तर हे बोललीस."